मागं कोण उभं राहते

कुहीच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान असलेला हा माणूस काम हातात घेण्याआधी एकच विचारतो, "भाऊ, मागं कोण उभं राहते?" तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, म्हणून मान वर करून विचारतो.

ट्रॅक्टर लहान असला तरी नांगर जोडायला दोघं लागतात. एक जण ट्रॅक्टर मागे घेतो, दुसरा नांगराजवळ उभा राहून पिना बसवतो. बोटं चेंगरतात ती त्या दुसऱ्याची. मी दरवर्षी नांगर दुरुस्तीला न्यायचो, "बायको" म्हणायचो आणि त्याची बोलणी खायचो.

यंदा, ती वारल्यावर, मी म्हटलं, "कोणीच नाही."

तो बाहेर जाऊन खर्रा थुंकून आला. ट्रॅक्टर आणि नांगर ठेवून घेतला. पुढच्या खेपेला गेलो तर ट्रॅक्टरमागे वर तोंड केलेले हुक लावलेले होते. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, सीटवरूनच लिव्हर ओढायचा, की हुक वर उचलले जाऊन नांगर त्यात अडकतो.

"आता एकट्यानं होते," तो म्हणाला.

मी सीटवर बसलो आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. नांगराच्या बाजूला तो उभा होता.

"आता काहून उभा आहेस गा?"

"घ्या तुम्ही मागं," तो म्हणाला. "मी पाहून राहिलो."