हौदात उतरलेला महोत्सव

बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करत होतो, तेव्हा माझी जुनी विद्यार्थिनी प्रणिता हिचा फोन आला. नोव्हेंबरात लातूरच्या त्या शाखेत आम्हा निवृत्तांची झुंबड असते, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य ऐकू आलं नाही. "सर, आपा गेल्या," तिनं पुन्हा सांगितलं. "नांदेडला, बहिणीकडं. दमा लई वाढला होता म्हणे..." मी कधी, कुठे, असं विचारायचं ते विचारलं, फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली सही पुरी केली. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मला रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुलेखाबाई, म्हणजे प्रणिताच्या आपा, आणि मी एकाच कॉलेजात वीसेक वर्षं काम केलं. आमच्यात जे होतं त्याला मैत्री म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उदगीरच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो. जुलेखाबाई भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. त्यांच्या वडिलांचं चौकात रेडिओ आणि भोंगे दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाचे, उरुसाचे, निवडणुकीचे भोंगे तिथं उलटे टांगलेले असत आणि शाळा सुटल्यावर त्या वडिलांच्या टेबलाखाली बसून तारा सोलत. डिग्री घ्यायची राहून गेली. लग्न त्यांनी केलं नाही. त्याचं कारण कुणी विचारलं नाही, मीही नाही. प्रयोगशाळेतला आवर्तनमापक बिघडला की प्राध्यापक मंडळी पुस्तकं उघडत. जुलेखाबाई तो हलवून कानाशी धरत आणि म्हणत, "आत काहीतरी सुटं झालंय." बहुतेक वेळा तसंच निघायचं.

कॉलेजला रेडिओचा परवाना मिळाला तेव्हा मोठमोठ्या लोकांची समिती झाली, पण यंत्रं बसवायची वेळ आली तेव्हा काम त्यांच्याकडे आलं. जुन्या भांडारखोलीला आतून गोणपाट आणि गाद्यांचा कापूस लावून त्यांनी स्टुडिओ केला. शहर आणि भोवतालच्या पाच-दहा गावांत आमचा रेडिओ ऐकू यायचा. सुरुवातीला त्यावर काय, तर बाजारभाव, आरोग्याचा सल्ला आणि माझी व्याकरणाची व्याख्यानं. मग एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, आपल्या गावाचा आवाज कसा हाय, कधी ऐकलात?" मी म्हणालो, गावाला कसला आवाज, गोंगाट आहे. "हाव ना, त्योच. त्या गोंगाटात काय काय हाय ते कुणी ऐकतच न्हाई."

त्यातून महोत्सव निघाला. विद्यार्थी, काही माजी विद्यार्थी, दोन शिंपी, उरुसात शहनाई वाजवणारे एक म्हातारे, सगळे आपापल्या वेळात राबणारे. कुणाला मानधन नाही, हारतुरे नाहीत. दाळ मिलच्या पट्ट्यांचा आवाज मुलांनी टेप करून आणला होता आणि त्यावर एकानं संबळ वाजवला. ओळीनं मांडलेली चार शिलाई मशीन आणि एक ढोलकी असा एक कार्यक्रम झाला. चित्रकलेच्या मुली जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ऐकू येईल ते रंगवत बसल्या. पुण्याहून दोन तरुण संगणक घेऊन आले आणि त्यांनी अर्धा तास एकच सूर लांबवला. पहिल्या रांगेतले मान्यवर तेवढ्यात उठून गेले. गावात या प्रकाराला लोक 'खडखडाट' म्हणू लागले. जुलेखाबाईंना ते नाव आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर तेच रंगवून घेतलं.

त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी बोलणी पुन्हा जोरात होती. ही बोलणी आमच्याकडे अधूनमधून येतात आणि जातात. प्रणितानं, तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, एक श्राव्य नाटुकलं लिहिलं. नव्या जिल्हा कचेरीचा पहिला दिवस... शिक्क्यांचे, खुर्च्यांचे, फायलींचे आवाज आणि सुरुवातीला गंभीर आवाजात घोषणा: उदगीर जिल्हा झाला. नाटुकलं थेट प्रसारित झालं. मधूनच रेडिओ लावणाऱ्यांनी फक्त घोषणा ऐकली. पंधरा मिनिटांत चौकात फटाके वाजले, एका पेढेवाल्यानं आलेल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला आणि संस्थेच्या अध्यक्षांना अभिनंदनाचे फोन सुरू झाले. अध्यक्षांनी दोन जणांकडून हारही घालून घेतला, मग कळलं. संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी जुलेखाबाई स्वतः माइकवर जाऊन सांगत होत्या, "आपला जिल्हा अजून लातूरच आहे, तसदीबद्दल माफी असावी." त्यांचा आवाज कोरडाठाक होता. स्टुडिओत पोरं पोट धरून हसत होती. अध्यक्ष मात्र तो हार विसरले नाहीत.

पुढे दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. उदगीरलाही नळाचं पाणी कधी येईल ते सांगता येत नव्हतं. कॉलेजच्या फाटकासमोर टँकर थांबायचा आणि सकाळपासून घागरींची रांग लागायची. वसतिगृहातली मुलं घरी पाठवली होती. अशात महोत्सवाची बैठक आली. मी स्पष्ट विरोध केला. लोक पाण्यासाठी उभे असताना आपण आवाजांचे खेळ करायचे? जुलेखाबाई म्हणाल्या, "बाहेरचे पाहुणे बोलवायचे न्हाईत. पाण्याचा एक थेंब लागू द्यायचा न्हाई. पण बंद कशाला, सर? रांगेतली माणसं दिवसभर काय ऐकून राहिलीत, ते तरी ऐकू." मी म्हणालो, ही असंवेदनशीलता आहे. त्यांनी विषय बदलला.

त्या आठवड्यात मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. दुष्काळात असा कार्यक्रम घेणं अशोभनीय आहे, असं त्यात होतं आणि ते मला तेव्हा मनापासून वाटत होतं. तिथं थांबायला हवं होतं. पण शेवटी मी आणखी एक वाक्य लिहिलं: रेडिओ केंद्राची सूत्रं एखाद्या जबाबदार प्राध्यापकाकडे असणं संस्थेच्या हिताचं ठरेल. ते वाक्य का लिहिलं, याचं उत्तर मी बरीच वर्षं टाळलं. आज लिहितो. पोरं मला सर म्हणत आणि त्यांना आपा, म्हणजे थोरली ताई. काही अडलं की माझ्यावरून चालत जाऊन त्यांच्याकडे जात.

पत्रावरून सभागृह नाकारलं गेलं. जुलेखाबाईंनी वाद घातला नाही. मैदानाच्या मागे जमिनीत बांधलेला सिमेंटचा मोठा हौद होता. अख्ख्या कॉलेजचं पाणी त्यात साठायचं. तो तळापर्यंत कोरडा पडला होता. स्वयंसेवकांनी आतला वाळलेला गाळ टोपल्यांनी उपसला, दोन्ही झाकणं हवेसाठी उघडी ठेवली, लोखंडी शिडी बांधली आणि माइकची तार आत सोडली. एका वेळी तीसेक माणसं मावत. बाकीच्यांनी रेडिओवर ऐकायचं. माझी बायको मंगल गेली. मी गेलो नाही, घरी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो.

त्या हौदात काहीही बोललं तरी आवाज भिंतींना लागून फिरत राहायचा, लवकर विरायचा नाही. रिकाम्या घागरीवर बोट आपटलं तरी ते घरात बसून अंगावर यायचं. रांगेतल्या बायका एकेक करून खाली उतरल्या. कुणी घागर वाजवली, कुणी नळाला तोंड लावून हवा फुंकली, एकीनं नुसतं आपल्या मुलीला हाक मारली. शहनाईवाल्या म्हाताऱ्यांनी एक सूर लावला आणि तो संपायची वाट पाहत बसले. मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं, एवढं मला आठवतं.

मग मारोतीमामा आला. मारोतीमामा बिलोलीकडचा पाणाड्या, म्हणजे हातावर नारळ घेऊन शेतात फिरून जमिनीत पाणी कुठं लागेल ते सांगणारा. रांगेत तो लेकीसाठी घागर धरून उभा होता. जुलेखाबाईंनी त्याला विचारलं, काही म्हणायचंय का. "मला काय वाजवता येत न्हाई बाई," तो म्हणाला. "मग बोला." "म्या जागा दावल्या आन् पाणी लागलं न्हाई, त्या गावांची नावं घेतो," तो म्हणाला. "तोंडावर जाऊन सांगायचं धाडस झालं न्हाई." आणि त्यानं सुरू केलं. "पिंपळगाव... वडगाव, दोन जागा... हंगरगा..." प्रत्येक नाव हौदात फिरून पुन्हा येत होतं. तो मागचं नाव विरेपर्यंत थांबायचा, मग पुढचं घ्यायचा. मधेच वरून, झाकणाजवळून, आमच्या शिपायाचा, गणपतरावांचा आवाज आला. "आमच्या वाडीचं नाव घे की! तीनशे फूट गेलो, नुसता फुफाटा!" मारोतीमामा म्हणाला, "घेतो मालक. खालची वाडी... चुकलं माझं." पुढे कुणी हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मंगलनं नंतर सांगितलं की गणपतराव शिडीवरून खाली उतरले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बाकीची नावं दोघांनी मिळून ऐकली.

शेवटच्या नावांत अध्यक्षांचा मळा होता. मारोतीमामाला कोण अध्यक्ष, काय, ठाऊक नव्हतं. त्यानं आडनाव घेऊन सांगितलं, "मळ्यात चार जागा, चारी कोरड्या." अध्यक्ष लोकांना सांगत होते की मळ्यातल्या बोअरला भरपूर पाणी आहे आणि ते वाटून टाकायला आपण तयार आहोत. ते खोटं होतं, हे आता पंचक्रोशीनं ऐकलं.

दहा दिवसांत आदेश निघाला. त्यात दुष्काळ नव्हता, मळा नव्हता. माझं शेवटचं वाक्य होतं, जवळपास शब्दशः. जुलेखाबाईंना प्रयोगशाळेत परत पाठवण्यात आलं आणि रेडिओ केंद्राचा प्रमुख म्हणून मला नेमलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. किल्ल्या द्यायला त्या स्वतः आल्या आणि कुठली किल्ली अडकते, ती कशी फिरवायची, ते दाखवून गेल्या. महिनाभरात स्वयंसेवक एकेक करून यायचे थांबले. भांडण कुणी केलं नाही, फक्त आले नाहीत. तीन वर्षं मी त्या रेडिओवर थोरांच्या जयंत्या, पुण्यतिथ्या आणि माझी व्याख्यानं लावली. महोत्सव पुन्हा झाला नाही. प्रयोगशाळेच्या दारात त्या दिसल्या की मी मान हलवायचो, त्याही हलवायच्या.

निवृत्तीनंतर मी लातूरला आलो, त्या नांदेडला बहिणीकडे गेल्या. गेल्या वर्षी पेन्शनच्या कागदांसाठी लातूरला आल्या होत्या. बसस्थानकाच्या कँटीनमध्ये भेटलो. चहा पिता पिता मी म्हणालो, "बाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ते पत्र..."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "आदेशासोबत प्राचार्यांनी त्याची प्रत दिली होती. अक्षर तुमचं होतं सर, मी काय वळखणार न्हाई?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही लगेच माफी मागितली असती. तुमची सवय ती. मग मला तुमच्यावर राग धरायला जागाच उरली नसती." त्यांनी बशीतला चहा संपवला. "मला तो राग हवा होता. त्याच्यावर पुष्कळ दिवस काढले मी."

"आणि आता?"

"आता कंटाळा आला," त्या म्हणाल्या आणि बस लागली का ते बघायला उठल्या. मी माफी मागितली ती त्यांच्या पाठीला. ऐकू गेली की नाही, कळायला मार्ग नाही. बस सुटताना त्यांनी खिडकीतून हात केला, एवढं खरं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाआधी दोन दिवस मी नांदेडला गेलो. त्यांच्या बहिणीनं, रजियाबींनी, मला जुलेखाबाईंची खोली दाखवली. पलंग, कपाट, औषधं ठेवायची फळी. रेडिओ नव्हता. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती, पण ती खिडकीकडे तोंड करून नव्हती, भिंतीकडे होती. खिडकी उजव्या हाताला येत होती. मी विचारलं तेव्हा रजियाबी म्हणाल्या, "डावा कान गेला होता ना तिचा, भोंग्यापायी, लहानपणीच. कुणाला सांगितलं न्हाई कधी. उजवा कान गल्लीकडं ठेवून बसायची दुपारभर." वीस वर्षांत मला हे कळलं नव्हतं. मी कुठल्या बाजूला बसून त्यांच्याशी बोलत होतो, आठवू लागलो... आठवलं नाही.

"बसा ना सर," म्हणून त्या चहा करायला गेल्या. मी त्या खुर्चीत बसलो. समोर निळ्या चुन्याची भिंत, बघण्यासारखं काही नाही. गल्लीत कुणी तरी कांदे निवडून पत्र्याच्या डब्यात टाकत होतं. लांब एक शिलाई मशीन चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. एका बाईनं वरच्या मजल्यावरून कुणाला तरी नमाजाची वेळ विचारली आणि खालून उत्तर आलं. सायकलची चेन पडली, चढवली, सायकल गेली. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. मान वळवली तेव्हा रजियाबी दारात उभ्या होत्या, हातात चहाचा कप घेऊन. कधीपासून, विचारलं नाही. "ती असं बसली की मधे बोलायचं न्हाई, अशी सवय पडलीय," त्या म्हणाल्या. "झालं ऐकून?"

मी म्हणालो, "अजून थोडं." त्या तशाच थांबल्या.