एकाच देवीला दोन नवस

माझ्या मुलीनं खेळ सोडला त्या दिवशी मी खरं तर पेढे वाटायला हवे होते. कित्येक वर्षं मी त्याच दिवसाची वाट बघत होते. नुसती वाट बघत नव्हते, कोल्हापूरच्या आमच्या कुलदेवीला रीतसर नवस बोलले होते: पोरीच्या डोक्यातून हा खेळ जाऊ दे, हिरवी साडी नेसवीन, खणानारळानं ओटी भरीन. देवीनं ऐकलं. अमेरिकेतल्या शॉमबर्गहून मारलेली हाक कोल्हापुरात पोचली आणि मी मागितलं होतं अगदी तेच पदरात पडलं. तक्रारीला जागाच ठेवली नाही तिनं.

पण आधी खेळ कुठला ते सांगते, कारण हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता लोकांनी विचारण्याआधीच मी दमते.

२००१ साली आम्ही टाउनहाउस घेतलं तेव्हा शेजारी एक आयरिश कुटुंब राहत होतं. बाई थेट आयर्लंडहून आलेल्या, स्वभावानं लाख, आवाजानं सव्वा लाख. शनिवारी सकाळी त्या आपल्या दोन मुलींना कुठल्याशा खेळाला घेऊन जायच्या. एकदा कुंपणावरून म्हणाल्या, तुमच्याही मुलीला नेऊ का? माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि घरात तिचं तोंड सकाळपासून चालू असायचं. कुठला खेळ, कुणाशी, किती लागतं, यातलं मी काहीही विचारलं नाही. शनिवारी सकाळी घर शांत राहणार आणि ड्राइव्ह दुसरं कुणी करणार, एवढ्यावर मी हो म्हणून टाकलं. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्या आया मुलांना पियानो लावायच्या आधी तीन शिक्षकांच्या मुलाखती घेत असत.

महिनाभरानं पहिली मॅच बघायला गेले तेव्हा कळलं की हा गेलिक फुटबॉल नावाचा प्रकार आहे. आयरिश लोकांनी फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि भाऊबंदकी यातलं जे जे आवडलं ते एकत्र करून तो केला असावा. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण फार वेळ नाही. मध्येच तो जमिनीवर आपटायचा किंवा पळता पळता आपल्याच पायानं उडवून परत हातात घ्यायचा. गोलचे खांब वर आकाशात गेलेले, मध्ये एक आडवी दांडी. चेंडू दांडीखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. आणि हे सगळं चालू असताना समोरच्या पंधरा जणी तुमच्या अंगावर येत असतात. डोक्यावर हेल्मेट नाही, गुडघ्याला काही नाही. दातांत एक रबराचा तुकडा, बाकी सगळं देवाच्या हवाली.

मंडळाच्या कार्यक्रमात काकू विचारायच्या, "काय खेळते म्हणालीस? सॉकर ना?"

"नाही हो, चेंडू हातात पण घेतात."

"म्हणजे बास्केटबॉल."

"नाही, पायानं पण मारतात."

"मग सॉकरच की गं."

दोन वर्षं मी हे केलं. नंतर हात टेकले आणि "हो, सॉकर" म्हणायला लागले. काकूही खूश, मीही मोकळी.

आता एक गोष्ट मला न आवडणारी. मुलगी चांगली खेळायची. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी दिसत होतं. बाकीच्या पोरी चेंडूमागे पळायच्या. ही चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभी असायची, बसची वाट बघितल्यासारखी. डाव्या पायानं लांबून मारलेला तिचा चेंडू दांडीवरून जाताना मैदानाच्या कडेला थर्मासमधला चहा पिणारे आयरिश म्हातारे बोलायचे थांबायचे. आयरिश म्हातारे बोलायचे थांबतात ही घटना साधी नाही, असं शेजारीणबाईंनीच मला सांगितलं. माझ्या पोटी असलं काही कुठून आलं मला माहीत नाही. माझं शाळेतलं क्रीडाकौशल्य लिंबू-चमच्यापाशी संपलं होतं आणि तिच्या बाबांनी पुण्यात जन्म घेऊन आयुष्यभर फक्त दुसऱ्यांच्या खेळावर टीका केली.

पण देवानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं गुडघा काढून घेतला. पहिल्याच मोठ्या सीझनमध्ये डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन, कुबड्या, मग महिनोन्महिने फिजिकल थेरपी. बरी होऊन मैदानात गेली तर गळ्याखालचं हाड मोडलं. ते जुळलं तर घोटा. आमच्या इमर्जन्सी रूममधली रिसेप्शनिस्ट मला बघितलं की "कुठलं या वेळी?" एवढंच विचारायची. आणि वेळेचा नेम असा की दरवर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या लीगची फायनल असायची आणि दरवर्षी त्याआधी हिचं काहीतरी मोडलेलं असायचं. हिच्या गुणांवर टीम फायनलला पोचायची आणि फायनलच्या दिवशी ही बाकावर बसून टाळ्या वाजवायची. एकही फायनल खेळलेली नाही, आणि तिला आयुष्यात तेवढंच हवं होतं. कॉलेज, मेजर, इंटर्नशिप हे सगळं ती आमच्यासाठी करायची. फायनल तिची स्वतःची होती.

मंडळातून सल्ल्यांचा पूर आला. कुणी आंबेहळद आणून दिली. ती लावून मुलगी थेरपीला गेली तर थेरपिस्टनं काविळीची टेस्ट करायला सांगितली. एका काकूंनी मला बाजूला घेऊन लग्नाच्या वेळी गुडघ्याचं सांगावं लागेल, अशी काळजी व्यक्त केली. मी म्हटलं, सांगू की, पत्रिकेतच छापू. त्या रागावल्या.

डावा गुडघा दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी नवस बोलले. ऑपरेशन चालू होतं, वेटिंग रूममध्ये टीव्हीवर कुणीतरी केक सजवत होतं, आणि माझ्या पोरीचा गुडघा परत उघडलेला होता. मला भीती वाटत होती. सोप्या शब्दांत सांगायचं तर इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. मी डोळे मिटले आणि मागायचं ते मागितलं. शेजारी नवरा मासिक वाचत होता. तो बुद्धिवादी. गणपतीतसुद्धा आरतीला उभा राहतो तो प्रसादाच्या सोयीसाठी, असं तो स्वतः सांगतो. त्याला नवसाचं सांगितल्यावर तो म्हणाला, "देवीला अमेरिकेचं इन्शुरन्स चालतं का, विचार एकदा."

मुलगी दीड वर्षात परत उभी राहिली. मी देवीला मनातल्या मनात आठवण करून दिली. देवी बहुधा कामात होती.

२००७ चा उन्हाळा आला. मुलगी एकवीस वर्षांची, कॉलेजचं शेवटचं वर्ष तोंडावर आलेलं. त्या सीझनमध्ये तिचं काहीही मोडलं नाही. जून गेला, जुलै गेला. नवरा, जो कधी मॅचला येत नसे, तो घडीची खुर्ची घेऊन यायला लागला. मैदानावर जाऊन तो म्हाताऱ्यांना डावपेच सांगायचा. तेही ऐकायचे, कारण त्यांना त्याचं इंग्लिश कळत नव्हतं आणि त्याला त्यांचं. सेमीफायनलमध्ये मुलीनं मैदानाच्या मधूनच असा एक चेंडू मारला की तो दांडीवरून जाईपर्यंत सगळे म्हातारे उठून उभे राहिले. मी मात्र तो नीट बघितला नाही. मी तिच्या मॅचेस नेहमी बोटांच्या फटीतून बघायचे. कुणी तिच्या अंगावर आलं की फट बंद.

फायनल रविवारी होती. गुरुवारी प्रॅक्टिसहून ती आली ती लंगडत. कुणी धक्का दिला नव्हता, पडली नव्हती, नुसती वळली होती. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले की अजून तुटलेलं नाही, पण खेळलीस तर तुटेल, आणि या वेळी तुटलं तर तिशीत जिना चढताना आठवण येईल.

घरी येऊन ती किचनमध्ये बसली. गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. आमच्या फ्रीझरमधले मटार त्या सहा वर्षांत उसळीसाठी क्वचितच वापरले गेले.

"आई, आय अॅम डन," ती म्हणाली.

"म्हणजे रविवारी नाही खेळणार?"

"म्हणजे कधीच नाही. फॉर गुड."

हा तो क्षण. मी देवघराकडे वळून हात जोडायचे होते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "अगं, रविवारची तेवढी खेळ ना."

तिनं मटारची पिशवी गुडघ्यावरून उचलून टेबलावर ठेवली.

"फायनल आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं थांबलीस. अर्धी खेळ. थोडा वेळ तरी. पट्टी घट्ट बांधू आपण." मी काय बोलते आहे ते मलाच ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"आई, यू हेटेड इट," ती म्हणाली. "सगळ्यांना सॉकर सांगायचीस तू."

ती उठली, माझ्या खांद्याला धरून मटार परत फ्रीझरमध्ये ठेवले आणि वर गेली. जिना चढताना कठड्याला धरत होती. मग दार लागलं आणि रडण्याचा आवाज आला. लहानपणी रडायची तसाच, मधे मधे उचकी लागणारा.

नवरा गराजमध्ये सापडला. त्याची घडीची खुर्ची पुसत होता, जी स्वच्छ होती. मी सांगितलं. तो खुर्ची पुसतच राहिला. मग खुर्चीकडे बघतच म्हणाला, "मी पण बोललो होतो."

"काय बोलला होतास?"

"नवस. तुझ्याच देवीला. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी. एक फायनल खेळू दे म्हटलं."

बुद्धिवादी माणूस. हातात मासिक धरून. माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून.

म्हणजे त्या देवीला एकाच वेटिंग रूममधून, एकाच आडनावाच्या दोन माणसांचे, एकाच गुडघ्याबद्दल दोन उलटे अर्ज गेले होते. तिनं तरी काय करावं? बायकांचं आधी ऐकायचं, असं काहीतरी तिकडे धोरण असावं. मी नवऱ्याला म्हटलं, तू आधी सांगितलं असतंस तर मी माझा मागे घेतला असता. तो म्हणाला, "तू मला हसली असतीस." ते खरं होतं. मी त्याही वेळी हसले, आणि मग आम्ही दोघं गराजमध्ये, कपडे धुवायच्या साबणाच्या खोक्यांशेजारी उभे राहून रडलो.

रविवारी आम्ही सगळे गेलो. मुलगी टीमची जर्सी घालून, कुबडी घेऊन बाकावर बसली. शेजारीणबाईंनी मला चहा दिला आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. मी ती मॅच पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघितली, डोळे उघडे ठेवून. कुणीही कुणाच्याही अंगावर येत होतं, मला काहीच होत नव्हतं. आणि तेव्हा खेळ कळायला लागला. कोण कुठे मोकळी आहे, चेंडू कुणाकडे जायला हवा, सगळं दिसत होतं. प्रत्येक वेळी चेंडू जिथे जायला हवा होता तिथे कुणीच उभं नव्हतं.

टीमच्या पोरी तिच्याशिवाय जिंकल्या. हरण्याचं तेवढंही सौजन्य दाखवलं नाही कुणी. एक म्हातारा तिच्यापाशी येऊन टोपी काढून उभा राहिला, आणि ती त्याच्याकडे बघून खूप गोड हसली. घरी येईपर्यंत गाडीत कुबडी मांडीवर आडवी धरून बसली.

गणपतीत मंडळात काकू भेटल्या. "सॉकर सोडलं म्हणे तिनं? बाई, सुटलीस तू."

"सॉकर नव्हतं ते," मी म्हटलं. आणि मोदकाची ताटली हातात धरून त्यांना सगळा खेळ समजावून सांगितला, खांब, दांडी, पायानं उडवणं, सगळं. त्या कंटाळल्या. मी सोडलं नाही.

हिवाळ्यात भारतात गेलो तेव्हा कोल्हापूरला जाणं आलंच. नवस फेडायचा असतो. आवडला नाही म्हणून परत करता येत नाही, पावती दाखवूनसुद्धा. हिरवी साडी घेतली, खण घेतला, नारळ घेतला. रांगेत मुलगी माझ्यापुढे होती. नारळ तिच्याकडे दिला होता, आणि ती तो एका हातातून दुसऱ्या हातात टाकत होती, नकळत, मैदानाच्या कडेला आत जायची वाट बघताना चेंडू टाकायची तसा.

"हे कशासाठी आहे?" तिनं विचारलं. "व्हॉट डिड यू आस्क फॉर?"

खोटं बोलता आलं असतं. रांग लांब होती आणि आम्ही गाभाऱ्यापासून दूर होतो. "तुझा खेळ सुटावा म्हणून," मी सांगितलं.

तिच्या हातातला नारळ थांबला. मग मराठीत म्हणाली, "झालं ना मग तुझ्या मनासारखं. थँक्यू म्हण तिला."

टोमणा नव्हता तो. ती खरंच तसं म्हणत होती. कुणी काही दिलं की थँक्यू म्हणायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

आमची पाळी आली. पुजाऱ्यांनी साडी घेतली, खण घेतला, मुलीनं नारळ पुढे केला. मी ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. पुजारी म्हणाले, चला, पुढे चला. मी उभीच राहिले. म्हणायचं होतं ते एवढंसं होतं. ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.