बाळंतिणीला विचारा की!

"हा आजार आहे. पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात. म्हणजे बाळंतपणानंतर जडलेलं मनाचं दुखणं," मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तर आमची आई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणते कशी, "आवं, काय गोळी द्यायची ती बिगीनं द्या. गाडी चुकंल आमची."

गाडी! इथं लेकीला जगावंसं वाटेना आणि हिला गाडीची पडलेली.

मी विट्याजवळच्या गावची. नवऱ्याचं तमिळनाडूत गलाईचं दुकान. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगलीत. त्यामुळं आमच्यात बाईच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध. तिकडं दुखलं की "गावाकडं पाठवा, बरी हुईल." गावाकडं दुखलं की "नवऱ्याकडं पाठवा, बरी हुईल." मी काय पार्सल आहे?

दिवस गेले तेव्हाच झोप उडाली होती. तिथल्या दवाखान्यात नर्सनं तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला तमिळ येत नाही. नवऱ्यानं माझ्याकडं न बघताच उत्तर देऊन टाकलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती? "काय न्हाई गं, झोप लागती का म्हणत हुती. लागती म्हणलं." अरे देवा! शेजारी घोरत पडणाऱ्याला काय ठाऊक मी जागी असते ते?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गावी आले. मुलगा झाला. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कशात काही कमी नाही. आरोग्य खात्याची आशाताई उंबऱ्यातूनच विचारायची, "बाळंतीण बरी हाय का?" आई चुलीपासून ओरडायची, "झ्याक हाय!" झाली माझी तपासणी. मी मधल्या खोलीत बसलेली, पण मला विचारायचं कुणाच्या डोक्यात येईना.

रडू आलं की शेजारणी हसायच्या. "नवऱ्याची आठवण येती वाटतं!" आज ते आठवलं की डोकं तडकतं. तेव्हा रागसुद्धा येत नव्हता. घास गिळवत नव्हता. पोर रडलं तरी हात पुढं होत नव्हते. न्हाऊ घालणारीनं बाळ गुंडाळून समोर धरलं की वाटायचं, माझ्या हातून याचं काही बरंवाईट झालं तर? त्यापेक्षा आपणच नसलेलं बरं.

शेवटी ठरलं तेच. नवऱ्याकडं रवानगी. दादा, आई आणि वहिनी मिरजेला गाडीत बसवून द्यायला निघाले. वाटेत मी वहिनीच्या कानात म्हणाले, "बाळाला तुमीच ठेवून घ्या. मी काय लय दिवस न्हाई." वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि दादाला म्हणाली, "स्टेशनावर न्हाई, आधी दवाखान्यात घ्या." आई भडकली. वहिनी म्हणाली, "ओरडा आत्याबाई, पण ही गाडीत बसणार न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" आईनं तोंड उघडलं. "आई, तुम्ही बाहेर बसा. सगळेच बाहेर बसा," त्या म्हणाल्या. दार लागलं. मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

मी म्हणाले, "वाटतो." आणि जी रडले म्हणता!

गाडी गेली. बरं झालं गेली.

अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या मिळाल्या. दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडं बोलायला जायचं. त्यांनी घरच्यांना बजावलं, हिला एकटं सोडायचं नाही. वहिनी माझ्या अंथरुणाशेजारी झोपायला लागली. लगेच काही फरक पडला नाही, हे मुद्दाम सांगते, म्हणजे कुणी अर्ध्यात गोळ्या सोडणार नाही. "वेडाच्या गोळ्या, सवय लागंल," म्हणणाऱ्या बाया आल्याच. एकदा त्यातल्याच एकीनं माझ्या पोराला एवढं घट्ट टोपडं बांधलं की मी ते ओढून काढलं आणि म्हणाले, "माझं पोर हाय, मला विचारा की आधी!"

सगळे गार. वहिनी तेवढी हसत होती. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्याही हसल्या. "राग आला ना? छान. सुधारताय तुम्ही." तेव्हापासून मी तब्येतीला जपत नाही, रागाला जपते.

बायांनो, नवरा, सासू, आई सगळी मायेची माणसं असतात. पण तपासणीच्या वेळी त्यांना बाहेर चहाला पाठवा. भाषा येत नसेल तर ती येणारी दुसरी बाई आणा. आणि दाराशी मायेनं विचारणाऱ्या ताईंनो, दोन पावलं आत या.

आता पुन्हा दिवस गेलेत. तमिळनाडूत त्याच दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मागचं सगळं दुखणं दवाखान्याला आधीच कळवलं होतं. मराठी बोलणारी बाई काही मिळाली नाही, नवराच उभा. नर्सनं विचारलं. त्याचं तोंड उघडलं, मग मिटलं. माझ्याकडं वळून म्हणाला, "झोप लागती का, विचारत्यात."

मी मुद्दाम वेळ घेतला. तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला.