अक्काच्या दातांचं माप

नव्वदच्या दशकात श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात मी कवळ्या बनवायचो. प्लास्टरची पांढरी धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगायची आणि पिठासारखी हळूहळू खाली बसायची. तिसगावहून आलेली माझी थोरली बहीण मला अजून त्या धुळीतच दिसते, पदराने तोंड झाकून बसलेली. तंबाखूची मिश्री लावून लावून तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, रक्त येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मला आत बोलावलं. "दात घट्ट आहेत अजून. हिरड्या मी साफ करून देते. मिश्री बंद, ब्रश रोज. आणि जेवणात घरचं ताजं दही-ताक असू दे, साखर न घालता. त्यातले चांगले जंतू वाईट जंतूंना तोंडात जागा मिळू देत नाहीत. नुसत्या तेवढ्यानं बरं होणार नाही, पण हिरड्यांना मदत होईल. तीन महिने बघू."

मी मान डोलावली. पण मला अक्काच्या तोंडात माझ्या हातची कवळी बघायची होती. गावाने ती बघावी, असं वाटत होतं. बाहेर येऊन अक्काला म्हणालो, "काढावेच लागतील, म्हणतात." आत जाऊन बाईंना म्हणालो, "तिला धीर नाही, काढाच म्हणते."

बाईंनी तिला विचारलं, "नक्की काढायचे?" डॉक्टरच सांगतायत असं समजून अक्काने मान हलवली.

दात काढण्याआधी मी त्यांचं प्लास्टरमध्ये हुबेहूब माप ओतून घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे.

कवळी देखणी झाली. पण अक्काला हुरडा चावता येईना. तिच्या दह्याचं विरजण आख्खी आळी न्यायची. तेच दही घुसळून ती ताक करायची आणि त्यात भाकरी भिजवून खायची. येईल त्याला सांगायची, "त्या बाईकडं जाऊ नगा. माजं धडधाकट दात उपटलं तिनं." तिसगावची माणसं बाईंकडे यायची थांबली. मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात ते माप घेऊन अक्काकडे गेलो आणि सगळं सांगितलं. प्लास्टरच्या दातांवरून बोट फिरवत ती पुढच्या एका दाताशी थांबली.

"ह्यो माजा वाकडा."

तिने माप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तीस वर्सं त्या बाईला शिव्या घातल्या की रं मी. कुठं हाय ती?"

"गाव सोडून गेल्या. कुठं, ते ठाऊक नाही."

"मंग छापून येईल असं लिही की, कुठंबी असली तरी वाचंल ती. लिवाया येतं न्हवं तुला, का नुसतं दातच करता येत्यात?"