न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस

आमच्या वाचकांच्या मंडळाचा एकच नियम आहे. सध्या काय वाचतोय ते ज्यानं त्यानं सांगायचं आणि दुसऱ्याच्या वाचनाला नावं ठेवायची नाहीत. दुसऱ्या रविवारी आम्ही भेटतो, एक महिना लातूरला, एक महिना नांदेडला. लातूरला एका शिकवणीच्या वर्गात, कारण मुलांची चाचणी संपली की ती खोली रिकामी असते. नांदेडला मंडळ चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या गच्चीवर, पत्र्याखाली. बारा-पंधरा जण असतो. चहा होतो, चुरमुऱ्यांचा सुशीला होतो आणि शेवटी पुस्तकांची अदलाबदल.

मी लातूरला एका सरकारी कचेरीत काम करतो. या मंडळात मी दीड वर्ष खोटं बोललो.

त्याची माझी एक पद्धत बसली होती. वाचनालयातून पुस्तक आणायचं, मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचायचा, पहिली आठ-दहा पानं आणि मधलं एखादं पान चाळायचं. मग बोलायचं. भाषेबद्दल दोन वाक्यं, लेखकाच्या गावाबद्दल एक, आणि शेवटी, "पुढचं सांगत नाही, तुमची मजा जाईल." लोक माना डोलवायचे. मुख्याध्यापक एकदा म्हणालेसुद्धा, "वाचावं तर असं. मोजकं सांगतो गडी, पण नेमकं सांगतो."

मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटायची नाही. तेव्हा मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं.

त्याआधी मी खरंच वाचायचो. बसमध्ये, कचेरीत जेवणाच्या सुटीत, लग्नाच्या मांडवातही. आई नांदेडच्या एका दवाखान्यात अकरा दिवस होती. शेवटच्या दिवशी दुपारी मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर कादंबरी वाचत बसलो होतो. चांगली रंगली होती. बहीण दोनदा दारातून हाक मारून गेली म्हणे, मला कळलं नाही. तिसऱ्यांदा तिनं खांद्याला हात लावला, तेव्हा मी उठलो. पान हरवू नये म्हणून बोट पुस्तकात ठेवलं होतं. तसाच आत गेलो, तसाच आईच्या खाटेशी उभा राहिलो. ती गेलेली होती आणि माझं बोट पुस्तकात होतं.

त्यानंतर पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, ओळ दिसते, पण ओळीतून काही येत नाही. जीभ भाजल्यावर दोन दिवस चव लागत नाही, तसं. मला वाटलं, जाईल. गेलं नाही. मंडळ सोडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून जात राहिलो.

मंडळात एक बाई येतात. उमरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होत्या, आता नांदेडला एकट्या राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यांची वाचायची रीत नोकरीतली होती. उशाशी वही, तिच्यात तारीख, किती पानं झाली, काय कळलं, काय कळलं नाही. कोणी सुचवलेलं पुस्तक त्या औषधाच्या चिठ्ठीसारखं घ्यायच्या. मधे सोडायच्या नाहीत.

मंडळात त्या आल्या तेव्हाच मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांचा पोरगा गेला, भोकरच्या रस्त्यावर, मोटरसायकलवर. त्यो विषय काढायचा न्हाई. जरा हसरं, हलकं असं सुचवत जा." असं त्यांनी बहुतेक सगळ्यांनाच सांगितलं असावं. कारण दोन वर्षं सिस्टरांच्या हाती फक्त विनोदी कथा, प्रवासवर्णनं आणि पाककृतींची पुस्तकं पडत होती.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या बैठकीत माझी पाळी आली. मी एका जाड कादंबरीबद्दल बोललो. पुठ्ठ्यावर सायकल होती, मागं करडईचं पिवळं रान. गाव सोडून तालुक्याला शिलाईचं दुकान टाकणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. पहिल्या दहा पानांत खरोखर हसू येण्यासारखं बरंच होतं. मी सांगितलं, फार गोड पुस्तक आहे, घरातलं माणूस बोलतंय असं वाटतं.

सिस्टरांनी वहीत नाव लिहून घेतलं. "मी घेऊ का हे, भाऊ? मला झेपंल?"

"तुमच्यासाठीच आहे असं समजा," मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. तोंडाला आलं.

पुढच्या लातूरच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या नांदेडच्यालाही नाही, आणि ती तर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. चहाच्या वेळी औषधाच्या दुकानाचे मालक, आमच्यातले सगळ्यात थट्टेखोर, माझ्याजवळ येऊन बसले.

"काय साहेब, तुमी ते सायकलवालं पुस्तक सिस्टरला दिलं?"

"हो. का?"

"न्हाई, लई काळीज हाय तुमचं. त्यात पोरगा मरतो की."

मी चहा पीत राहिलो. ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. "वाचलंय ना तुमी?"

"वाचलंय," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी स्वतःला विचारत होतो, आता तरी काही होतंय का. हात थंड पडावेत, छातीत कळ यावी, काहीतरी. काही झालं नाही. आपण एका बाईला तिच्या दुःखात ढकललं हे मला पाढा पाठ असावा तसं माहीत होतं, एवढंच. फोन करावा असं रोज ठरवत होतो. केला नाही.

दोन महिन्यांनी सिस्टर आल्या. त्या थोड्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. पाळी आली तेव्हा त्यांनी वही उघडली, पण वाचली नाही.

"मी एकच पुस्तक वाचून राहिले चार महिने," त्या म्हणाल्या. "तुमी सगळे मला हसवून राहिले होते. चांगलंच केलं. पण माझ्या पोराचं नाव घेतलं की लोक पाणी आणायला उठतात. ह्या भाऊंनी ते पुस्तक माझ्या हातात ठिवलं, माहीत असून ठिवलं, तुमच्यासाठीच आहे म्हणाले. मी दोन येळा वाचलं. कुणीतरी माझ्यासंगं त्या पानावर बसलंय असं वाटलं मला. एवढंच सांगायचं होतं."

मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. औषधवाले माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं बुवा." कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी मान खाली घातली आणि सगळ्यांना तो नम्रपणा वाटला.

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. आजही मी हा हिशोब पुन्हापुन्हा मांडतो. सिस्टरांना जे मिळालं होतं ते खरंच मिळालं होतं; देणारा खोटा होता म्हणून काय बिघडणार होतं? पण बैठक संपल्यावर त्या जिना उतरताना माझी वाट बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, घरी चला. त्या एका पानाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय." आता मला ते पान माहीत असायला हवं होतं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी मुलाचा फोटो, पंचविशीतला, हेल्मेट हातात धरून हसणारा. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुस्तक समोर ठेवलं. मी दिलेली वाचनालयाची प्रत नव्हती, नंतर विकत आणलेली होती. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

"त्या पोराच्या आईला सांगायला येतात ना लोक, दारात," त्या म्हणाल्या, "तवा ती आधी काय करती? तुमाला काय वाटलं ते वाचून?"

"सिस्टर, मी हे पुस्तक वाचलेलं नाही."

त्या हसल्या. मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. मग हसणं थांबलं.

मी सगळं सांगितलं. आठ-दहा पानं, मागचा पुठ्ठा, दीड वर्ष. बाकावरची दुपार आणि पुस्तकात ठेवलेलं बोटही सांगितलं, आणि सांगता सांगताच मला वाटलं की आपण हेसुद्धा दया यावी म्हणून सांगतोय. म्हणून तेही त्यांना सांगितलं.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"म्हंजे त्या पानावर मी एकटीच होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन आज सगळ्यांपुढं मी तुमचं कवतिक केलं."

"हो."

"तवा का न्हाई बोलला?"

उत्तरासाठी न थांबता त्या उठून आत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा. आता निघावं असं मला वाटलं, पण न सांगता निघणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. बसून राहिलो. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वॉर्डातला होता. एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला काय करायचं ते सांगतात तसा. त्यांनी पुस्तक उघडलं, पान काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाचा. हितंच. मी बसते."

चार पानं होती. गल्लीतले दोघं दारात येतात. आईच्या हातात गाळणं आहे, दूध वर येतंय. त्यांचे चेहरे बघून तिला कळतं, पण ती म्हणते, थांबा, आणि आत जाऊन आधी गॅस बंद करते. मग दूध झाकते. मग बाहेर येऊन म्हणते, सांगा.

"मीबी गॅसच बंद केला होता," सिस्टर म्हणाल्या. "लोक म्हणाले, कशी बाई हाय, पोरगा गेला आन दूध झाकून राहिली."

मी पान उलटलं. शेवटपर्यंत वाचलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं की आता काय म्हणायला हवं. घसा दाटला असं म्हणता आलं असतं. त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"काहीच झालं नाही," मी म्हणालो. "अक्षरं दिसली. तिनं दूध झाकलं ते दिसलं. बाकी काही नाही."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, आणि मायेनंही नाही.

"मलाबी सात-आठ महिने काही न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "ड्यूटीवर जात होते. सुया देत होते. ह्ये सांगितलं म्हणून मी तुमाला माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"पुढच्या बैठकीत तुमी सोताच्या तोंडानं सांगायचं. मी न्हाई सांगणार."

"सांगतो."

"आता पुन्यांदा वाचा. मोठ्यानं."

मी पुस्तक जवळ घेतलं आणि दोघं दारात येतात तिथपासून वाचू लागलो. त्या समोरच्या खाटेवर बसल्या, हात मांडीवर, डोळे फरशीवर. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, कचेरीत टिपणी वाचून दाखवतात तसा सपाट. एका शब्दाला मी अडखळलो तर त्यांनी तो न बघता सांगितला. मी तो पुन्हा उच्चारला आणि पुढं वाचत राहिलो.