अंगात आलं नव्हतं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणालाही कळलेली नाही. नवरात्रात आमच्या गावच्या सोंगी भजनात माझ्या मुलीच्या अंगात देवी आली नव्हती. आली असं माईकवरून मी सांगितलं. ते खोटं होतं, आणि बोलतानाच मला ते ठाऊक होतं.

सायलीला ऑटिझम आहे. अचानक मोठा आवाज झाला किंवा कुणी न विचारता हात लावला, तर तिला भाजल्यासारखं होतं, सोसत नाही. पण लहानपणापासून तिला नटीच व्हायचं होतं. ती म्हणते, रोजच्या बोलण्यात समोरचा पुढं काय बोलेल ते कळत नाही, नाटकात कळतं, म्हणून तिथं मोकळं वाटतं. आम्ही राहतो कोल्हापुरात, इथंच ती अभिनय शिकली. राधानगरीच्या वाटेवर आमचं गाव आहे. तिथल्या भजनी मंडळात मी मृदंग वाजवतो. भजनाच्या मधे आम्ही सोंगं घेऊन पुराणातले प्रसंग करतो. मंडळाला देवीच्या सोंगासाठी कुणी मिळेना, तेव्हा तिनं आपणहून विचारलं. अट एवढीच, की तिच्याजवळ हलगी वाजायची नाही आणि पाया पडायला कुणी यायचं नाही. देवाचं सोंग आलं की लोक उठून पाया पडतात, हे तिला माहीत होतं. मी शब्द दिला. मंडळाला मात्र फक्त म्हणालो, आवाज जरा बेतानं ठेवा. का ते सांगितलं नाही. स्वतःच्या गावात ऑटिझम हा शब्द उच्चारायची मला लाज वाटली.

तिनं प्रवेश केला आणि मांडव चिडीचूप झाला. महिषासुर झालेला माझा चुलतभाऊ खरोखरच मागं सरला. मग कुणाला तरी चेव आला आणि तिच्या कानाशी हलगी कडाडली. सायली मटकन खाली बसली. कान दाबून पुढंमागं झुलू लागली, ओरडू लागली. मागनं कुणीतरी हसून म्हणालं, "मृदंगवाल्याची पोरगी येडी हाय व्हय रं?"

ते मला सोसलं नाही. मी माईक ओढला आणि म्हणालो, "देवी आलीया. नमस्कार करा."

पुढचं लिहिताना माझाच मला राग येतो. बायामाणसं उठली. कुणी तिचे पाय धरले, कुणी मळवट भरला, कुणी रडतं लेकरू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ती जितकी किंचाळे, तितकी त्यांची खात्री पटे. मी बघत उभा. मनात अंबाबाईला विनवत होतो, आई, एवढी लाज राख. पोरगी समोर ओरडत होती आणि मी लाज मागत होतो. तीही माझी.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. साधीच होती, हातात कापडी पिशवी. कुणाच्या तरी घरी पावणी आली असावी. खणखणीत आवाजात म्हणाली, "देवीला आता शिवायचं न्हाय. लांब सरा समदी. हलगी ठेवा खाली." लोक मुकाट सरले. सायलीला हातही न लावता ती तिच्याकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून बसली. दोन्ही हातांनी पदर पसरला, त्याआड सायली दिसेनाशी झाली. झुलणं हळूहळू थांबलं. मग माझ्याकडं बघत ती बाई फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी भ्यालीया तुमची. देवीला कशाला मधी घालता?"

नंतर मी तिला शोधलं. कुणी म्हणालं हुपरीकडची, पण कुठल्याच घरानं आमची पावणी म्हणून सांगितलं नाही. गाव म्हणतं, ती देवीच. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी हाक मारली ती अब्रूसाठी, आणि आलेली मदत माझ्याच विरुद्ध उभी राहिली. कृपा अशीही येते हे मला माहीत नव्हतं.

परतताना सायली म्हणाली, "बाबा, देवी आली नव्हती. मी होते. हलगीपर्यंत माझं काम चांगलं झालं होतं. तुम्ही ते देवीला देऊन टाकलंत."

त्यानंतर दर मंगळवारी माणसं कोल्हापूरच्या घरी येऊ लागली. कुणाचं लग्न जमेना, कुणाची म्हैस हरवलेली. ती दारातच सांगायची, मला ऑटिझम आहे, मी अभिनेत्री आहे. त्यांना ती देवीचीच लीला वाटायची. नारळ ठेवून जायची. बापानंच सांगितलंय म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार? बरेच दिवस तिनं रंगमंचाचं नाव काढलं नाही. तिला येडी म्हणणाऱ्यांना ती दिसली नाही, देवी म्हणणाऱ्यांनाही दिसली नाही. मला दिसत होती. म्हणून सगळ्यांत वाईट मी.

आता ती पुन्हा काम करते. इथल्या तिच्या नाटकात दिवे बदलण्याआधी तिला सांगतात, हात धरण्याआधी विचारतात. एवढंच लागतं, आणि एवढंच सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. मध्ये एका सिनेमात ऑटिझम असलेल्या मुलीच्या भूमिकेसाठी ती गेली, तर "तुम्ही तशा वाटत नाही" म्हणून परत पाठवलं. माझं डोकं फिरलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही केलंत तेच त्यांनी केलं. मी कोण ते माझ्याऐवजी ठरवलं."

यंदा मंडळानं तिला पुन्हा बोलावलंय. ती म्हणाली, "काम करीन. आधी तुम्ही माईकवर खरं सांगा." मी हो म्हणालो आहे. शरण जाणं म्हणजे सगळं देवावर टाकणं, असं मी समजत होतो. मी माझी लाज देवीवर टाकली आणि त्याला भक्ती म्हटलं. त्या पावणीला रोज हात जोडतो. पण घरात बसून हात जोडायला काय लागतं?

त्याच मांडवात, हलगीवाल्यांसमोर मला सांगायचं आहे, की त्या दिवशी देवी आली नव्हती. माझी मुलगी घाबरली होती, आणि त्याआधी तिनं फार चांगलं काम केलं होतं. हे मी अजून सांगितलेलं नाही. तिचं एवढं देणं माझ्याकडं आहे.