एकोणचाळीस वर्षांचे हमाल

वाडीत बाबा ज्या गोदामात हमाली करतात, तिथले मालक हमालांशी बोलताना प्रत्येक वाक्य ‘काहून गा’ने, म्हणजे ‘का रे’ने सुरू करतात आणि उत्तरासाठी कधी थांबत नाहीत. नव्या कायद्याने चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी तपासणी मालकाच्या खर्चाने करायची ठरली. डॉक्टर आले, तेव्हा पांढऱ्या मिशांच्या बाबांसकट सगळ्याच हमालांनी वय एकोणचाळीस सांगितलं. दुखणं निघालं तर काम जाईल, ही भीती.

मालक स्वतःच तपासणीच्या खुर्चीत बसले. बाही वर केली.

“बीपी वाढलंय,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“जोरात सांगा जी, यायले ऐकू द्या.” मग ते हमालांकडे वळले. “काहून गा, आता मले काढून टाकता का?”

या वेळी मात्र ते उत्तरासाठी थांबले. सगळे हसले. बाबा पुढे झाले आणि डॉक्टरांना त्यांनी खरं वय सांगितलं.